कुणी न नेलेली पुस्तकं

१२ जानेवारी १९८९, मेहरूण

उजवा पाय मांडीपासून बोटांपर्यंत प्लास्टरमध्ये आहे. नडगीचं हाड दोन ठिकाणी मोडलंय. डॉक्टर आठ आठवडे म्हणाले. मी सहावर आणायचा प्रयत्न केला, ते आठवरच राहिले.

माझी बायको वच्छला मुलींच्या शाळेत शिपाई आहे. काल तिने येताना अर्धी कोरी राहिलेली हजेरीची वही आणि वाचनालयातली दोन पुस्तकं आणली. गोष्टींची पुस्तकं मुली नेतात. खालच्या फळीवरच्या विज्ञानाच्या आणि तांत्रिक पुस्तकांना कुणी हात लावत नाही, म्हणून ग्रंथपाल बाई ती आनंदाने देतात. दर बुधवारी बदलून मिळणार. दोन्ही पुस्तकांच्या मागच्या पानावर तारखेची चिठ्ठी चिकटवलेली आहे आणि दोन्ही चिठ्ठ्यांवर कालचा एकच शिक्का, बाकी कोऱ्या. म्हणजे शाळेने घेतल्यापासून पहिला वाचक मी, लाइनमन भिकन सपकाळे, इयत्ता नववी.

चौकशी होणार आहे, म्हणून घडलं ते एकदा नीट लिहून ठेवतो. ६ जानेवारी, शुक्रवार. नदीपलीकडच्या शिवारात खांबावरच्या डीपीचा एक जंपर, म्हणजे तारेचा जोडतुकडा, सैल झाला होता. सबस्टेशन तिथून सहा किलोमीटर. सकाळी जाताना ऑपरेटर झुलालकडे चिठ्ठी दिली : साडेअकरा ते साडेबारा लाइन बंद ठेवणे. काम झालं की परत सहा किलोमीटर सायकल मारून 'आता चालू करा' म्हणून सही द्यायची, असा नियम आहे. पण तोवर पंप बंद म्हणून केळीवाले ऑफिसात येऊन बसतात. म्हणून मी वेळेवर काम करतो : ठरलेली वेळ झाली की ऑपरेटरने लाइन चालू करायची, सहीची वाट बघायची नाही. वर्षानुवर्षं करतोय.

जंपर आवळला, पाना खाली सोडला, आणि लाइन चालू झाली. हात वीतभर लांब होता म्हणून मी आज वही लिहितोय. ठिणगी उडाली, तळहात भाजला, मी पंधरा फुटांवरून खाली. तार जमिनीला जोडणारी अर्थिंगची साखळी लावली नव्हती. ती सायकलच्या कॅरिअरला होती.

मनगटावरचं घड्याळ आपटून बंद पडलं ते बारा वीसला. मी रोज सकाळी रेडिओच्या टोल्यांवर मिनिट लावतो, हे अख्ख्या सेक्शनला ठाऊक आहे. झुलालने लॉगबुकात लिहिलंय : साडेबाराला चालू. साहेब दवाखान्यात आले तेव्हा मी त्यांच्यासमोर घड्याळ धरलं. वच्छला तिथेच उभी होती. साहेब म्हणाले, दोघांपैकी एक खोटं बोलतोय. मी म्हटलं, घड्याळाला खोटं बोलता येत नाही. झुलालला त्याच संध्याकाळी निलंबित केलं.

घड्याळ आता काडेपेटीत ठेवलंय. तो पुरावा आहे.

१४ जानेवारी

हाडांचं पुस्तक संपलं. चांगलं आहे. मोडलेल्या जागी आधी रक्त गोठतं, मग मऊ कूर्चा, मग तिच्यावर चुना चढतो. काही महिने ती जागा मूळ हाडापेक्षा जाड राहते. आम्ही तुटलेली तार जोडतो तिथेही जोड जाडच असतो.

शेजारच्या झुंबरबाई तिळगूळ घेऊन आल्या. त्यांना चित्र दाखवून हे सगळं समजावलं. त्या म्हणाल्या, "दादा, तुमचा पाय मोडला का दुसऱ्याचा? तुम्ही तं असं सांगता जसं काही कोनाच्या गाईचं सांगून राहिले."

१६ जानेवारी

बन्सीलाल भेटायला आला. सबस्टेशनवरचा सगळ्यात जुना ऑपरेटर, माझ्याच वयाचा. डब्यात भरीत आणि कळण्याच्या भाकरी. थंडीतलं वांगं, त्यात मिरची ठेचून घातलेली. दोन भाकरी खाल्ल्या. बन्सीलालला कोरा चहा दिला, घरात दूध नव्हतं.

शेजारचे दोघेतिघे बसले होते. मला माझी घड्याळाची गोष्ट सांगायचा मोह झाला. लग्नकार्यात ही गोष्ट मी नेहमी सांगतो. अठ्ठ्याहत्तर-एकोणऐंशीत मी त्याच सबस्टेशनवर मदतनीस होतो. ठाकऱ्या नावाचा ऑपरेटर सकाळी आठच्या पाळीला रोज दहा मिनिटं उशिरा यायचा, आणि रात्रपाळीचा माणूस त्याची वाट बघत ताटकळायचा. शेवटी मी स्टुलावर चढून भिंतीवरच्या घड्याळाचा काटा दहा मिनिटं पुढे सारला. ठाकऱ्या घड्याळ बघून चपापला आणि दुसऱ्या दिवसापासून लवकर यायला लागला. शेवटपर्यंत त्याला कळलं नाही. आता रिटायर होऊन गावी बसलाय.

शेजारी हसले. वच्छला ही गोष्ट शंभरदा ऐकूनही हसते, आज मात्र मधेच उठून आत गेली. दूध उतू जात असेल. बन्सीलालही हसला नाही. भरीत कसं झालंय, एवढंच विचारलं. मी म्हटलं, ते घड्याळ अजून आहे का? "आहे ना," तो म्हणाला. "बरोबर चालतं." मग बससाठी घाईने निघाला.

१९ जानेवारी

आकाशाचं पुस्तक. रशियात छापलेलं, गुळगुळीत कागद, उघडलं की रंगाचा वास येतो. भाषांतर करणाऱ्याने 'नभोगोल' वगैरे शब्द वापरलेत, पण चित्रं उत्तम. सूर्याचा उजेड आपल्यापर्यंत यायला आठ मिनिटं लागतात. म्हणजे खिडकीतून दिसतो तो सूर्य आठ मिनिटांपूर्वीचा. हे वाचून मी अर्धा तास खिडकीकडे बघत बसलो. हेच एखाद्या माणसाने सांगितलं असतं तर मी म्हटलं असतं, जा रे, उगाच काहीतरी. माणूस काही सांगायला लागला की मला लगेच उलट बोलावंसं वाटतं. पुस्तकाला काय उलट बोलणार?

वच्छलाला हे सांगितलं. ती म्हणाली, "म्हणजे आपल्याला जे आत्ता दिसतं ते आत्ताचं नसतं."

मी म्हटलं, सूर्यापुरतं.

२५ जानेवारी

बुधवार. मुंग्यांवरचं एक पुस्तक आलं आणि घड्याळांवरचं एक. घड्याळाच्या पुस्तकाला वच्छलाने खाकी कव्हर घातलंय, पहिलं आणि शेवटचं पान कव्हराखाली पार दाबलेलं. शाळेची सवय. आधी उघडलं ते मुंग्यांचं. घड्याळांविषयी मला नवीन कोण काय सांगणार?

२८ जानेवारी

मुंग्या. झकास. एका वारुळात लाखांनी असतात आणि साहेब एकही नाही. वाटेत वास सोडत जातात, मागून येणारी त्या वासावरून जाते. पहिली मुंगी वळसा घालून गेली असेल तर मागच्या सगळ्या तोच वळसा घालतात. मधला अडथळा काढून टाकला तरी घालतात. स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर मी हे स्वतः करून पाहिलं, गुळाचा खडा आणि वच्छलाचं लाटणं वापरून. वच्छला म्हणाली, आता लाटणं धुवायला लागेल.

१ फेब्रुवारी

मुंग्या परत गेल्या. घड्याळाचं मी उघडलंच नव्हतं, म्हणून परत कर म्हटलं. तिने नूतनीकरण करून पुन्हा आणलं. "वाचा तरी," म्हणाली. सोबत केळीवरच्या रोगांचं पुस्तक. आयुष्यभर केळीच्या बागांमधून खांबांवर चढलो. पान पिवळं का पडतं, हे आज कळलं.

४ फेब्रुवारी

माझा हेल्पर वना आला. त्या दिवशी खांबाखाली तोच होता, दवाखान्यात बैलगाडीतून त्यानेच आणलं. त्याला ऑफिसच्या माझ्या पेटीतून एक वस्तू आणायला सांगितली होती : खात्याची सुरक्षेची पुस्तिका. चौकशीत झुलालविरुद्ध कलम दाखवायचं तर हाताशी हवी.

पुस्तिकेची पानं अजून एकमेकांना जोडलेली. सुरीने फाडली. पहिल्या पानावर माझीच सही : 'वरील पुस्तिका मिळाली व वाचली.' तारीख १९७४.

कलम सापडलं. मजकूर असा की ठरवलेल्या वेळेच्या भरवशावर लाइन बंद घेऊ नये आणि देऊ नये. घेऊ नये, म्हणजे मी. देऊ नये, म्हणजे झुलाल. अर्थिंगवर अख्खं पान आहे, साखळीच्या चित्रासकट. पण मला अजूनही वाटतं, नियम आम्ही दोघांनी मोडला असेल, खोटं मात्र एकानेच लिहिलं.

वनाला विचारलं, सबस्टेशनवर काय चाललंय? तो पायाच्या अंगठ्याने फरशी उकरत राहिला. म्हणाला, "काय चालनार भाऊ. बठ्ठा गप शेत." सगळे गप्प का, हे विचारायच्या आत उठला.

७ फेब्रुवारी

दुपारी दारात एक म्हातारा येऊन उभा राहिला. डोक्याला फेटा, खांद्यावर कापडी पिशवी. झुलालचा बाप, उखा. शिरपूरच्या वर सातपुड्याच्या पायथ्याला गाव. पहाटे निघून तीन बस बदलून आलेला. घरात नोकरीला लागलेला झुलाल पहिलाच, हे मला ठाऊक होतं. आयटीआय करून आला होता, आठ महिने झाले होते.

वर ये म्हटलं तर उंबऱ्याशीच बसला. पिशवीतून डिंक काढला, धावड्याचा, जंगलातून स्वतः गोळा केलेला. "भाऊ, हाई गूळ नि तूपमा खावा. हाडं जुळतस."

मी म्हटलं, झुलाल कसा आहे?

"घरमा बसेल शे. बोलत नही. त्यानी माय सांगस, जेवत नही." मग म्हणाला, "त्यानं माले सांगं, मी घड्याळ देखीसनच बटन दाबं. पोऱ्या खोटं बोलनारा नही भाऊ. पन तुमीबी खोटं बोलनारा नही, असं लोके सांगतस. मंग मी काय समजू?"

मी काडेपेटी उघडून घड्याळ दाखवलं. त्याने ते हातात घेतलं नाही. लांबूनच पाहिलं. घड्याळ वाचता येत नसावं. पाणी पिऊन निघून गेला. पोराला वाचवा असं एकदाही म्हणाला नाही.

मला त्या डिंकाचा राग आला. लाच देतोय की काय. वच्छलाला म्हटलं, परत पाठवून दे. ती म्हणाली, "तीन बस बदलून आलेल्या माणसाचा डिंक मी परत पाठवणार नाही." तिने लाडू केले. हाडांच्या पुस्तकात डिंकाचा उल्लेख नाही. तरी दोन खाल्ले.

८ फेब्रुवारी

घड्याळाचं पुस्तक पुन्हा नूतनीकरण. मी चिडलो. दुसरं काही आण म्हटलं तर पंपाचं आणलं आणि हेही ठेवलं. शाळेतल्या सगळ्या कपाटात या एका पुस्तकाचं तिला काय पडलंय कळत नाही. बाईंनी माथी मारलं असेल.

१३ फेब्रुवारी

चौकशीची नोटीस आली. शुक्रवार, २४ तारीख. पुरावे सोबत आणणे.

दिवसभर काही सुचेना, म्हणून आतापर्यंतच्या पुस्तकांचे नंबर लावले. पहिलं आकाशाचं, कारण तिथे लाइनमनचं काहीच काम नाही. दुसरं मुंग्यांचं. तिसरं हाडांचं. केळीचं चौथं, ते अजून वर गेलं असतं, पण फोटो काळेपांढरे आणि रोग सगळे पिवळे. पंपाचं पाचवं, त्यातलं निम्मं मला येत होतं. सुरक्षेची पुस्तिका शेवटची. ती वाचताना माझाच राग येत होता, आणि असल्या पुस्तकाला कोण नंबर देतं?

वच्छला यादी बघून म्हणाली, "एक राहिलं."

१५ फेब्रुवारी

नाइलाजाने घड्याळाचं उघडलं. सुरुवात सावलीच्या आणि पाण्याच्या घड्याळांपासून. भांड्याला भोक, त्यातून थेंब थेंब पाणी. मग लंबक. लिहिणारा कुठल्याशा कॉलेजातला मास्तर आहे. माणूस नेटका आहे, फापटपसारा नाही. उगाच इतके दिवस टाळलं.

१७ फेब्रुवारी

पान ६१. इथे तो म्हणतो की घड्याळाच्या चुका दोन जातींच्या. एक चूक चालण्यातली : घड्याळ रोज थोडं पुढे किंवा मागे जातं. ती वाढत जाते, म्हणून लवकर लक्षात येते. दुसरी चूक लावण्यातली : घड्याळ अगदी बरोबर चालतं, पण लावतानाच पुढे लावलेलं असतं. ही चूक वाढत नाही आणि कमीही होत नाही. घड्याळात बिघाड शोधला तर सापडत नाही, कारण बिघाड नाहीच. लावणारा विसरून गेला तरी ती तशीच राहते.

हे वाचून चांगलं लिहिलंय असं वाटलं. पान उलटलं. मग परत मागे आलो.

बारा वीस. साडेबारा. दहा मिनिटं.

दहा वर्षं झाली त्याला. दहा वर्षांत कुणीतरी ते घड्याळ नीट केलंच असेल. चावीचं घड्याळ आहे, आठवड्याला लावावंच लागतं. बन्सीलाल म्हणालाच, बरोबर चालतं.

ज्या दिवशी साहेब तपासायला गेले त्या दिवशीही ते बरोबरच होतं. तसं नोटिशीबरोबर आलेल्या अहवालात लिहिलंय. म्हणजे हा माझा खुळा विचार आहे. वनाला बोलावलंय.

१८ फेब्रुवारी

वना आला. मी सरळ विचारलं, सबस्टेशनवरचं घड्याळ कधी पुढे असायचं का?

तो माझ्याकडे असा बघायला लागला की जणू मी त्याला त्याचंच नाव विचारलंय. "भाऊ, ते तं दहा मिनिटं पुढेच ऱ्हास. दर सोमवारे चावी देतस, तवय रेडिओवर देखीसन दहा पुढे लावतस. रीतच शे तठली."

"कुणाची रीत?"

"काय माहीत. पहिलेपासून शे. बठ्ठासले माहीत शे, बठ्ठा दहा वजा करतस."

"झुलालला कुणी सांगितलं होतं?"

 वना म्हणाला, त्याला वाटलं बन्सीलालने सांगितलं असेल. बन्सीलालला वाटलं वनाने. आठ महिन्यांत अडलं नाही, कारण बाकीचे लाइनमन जवळचे, ते स्वतः येऊन सही देतात. वेळेवर काम करणारा मी एकटाच लांबचा, आणि माझं काम नेहमी वेळेच्या बरंच आधी आटपायचं. आणि अपघात झाला त्याच संध्याकाळी कुणीतरी काटा मागे घेतला.

"मग तू साहेबांना का नाही सांगितलंस?"

"माले कोनी विचारंच नही, भाऊ. आनि बन्सीनानानी लेक उजवानी शे औंदा." बन्सीलालच्या मुलीचं लग्न यंदाच.

म्हणजे झुलालला चिठ्ठी मिळाली साडेअकरा ते साडेबारा. त्याने भिंतीवर बघून साडेअकराला बंद केलं, भिंतीवर बघून साडेबाराला चालू केलं, आणि बघितलं ते लिहिलं. ज्या घड्याळात त्याने बघितलं ते मी लावलेलं. मी स्वतःच दहा वर्षांपूर्वी दहा मिनिटं पुढे लावून ठेवलेलं, त्यावर हसत हसत लग्नं साजरी केली, आणि परवा त्याच्याच भरवशावर तारेला हात घातला.

२० फेब्रुवारी

वाचन नाही.

मला खोटं बोलायची गरज नाही, हे सगळ्यात वाईट. शुक्रवारी फक्त काडेपेटी टेबलावर ठेवायची आणि गप्प बसायचं. माझं घड्याळ खरंच बारा वीसला थांबलंय. अहवालात भिंतीवरचं घड्याळ बरोबर आहे. झुलालला काही सिद्ध करता येणार नाही, कारण त्याला काही माहीतच नाही. पोराची नोकरी जाईल, माझं नाव राहील. चोवीस वर्षं खात्यात माझ्या नावावर एक ठिपका नाही, याचा मला अभिमान आहे, हे लपवून काय करू.

आणि सांगितलं तर? सरकारी घड्याळात फेरफार, वेळेवर लाइन घेणं, साखळी न लावणं. तिन्ही माझीच. सेक्शनमध्ये जन्मभर सांगतील की भिकनने स्वतःच्या घड्याळाने स्वतःचा पाय मोडून घेतला. मी सांगायचो त्या गोष्टीपेक्षा ही जास्त रंगेल.

वच्छलाने विचारलं, पुस्तक झालं का? मी हो म्हटलं.  समोर बसून तिने तुरीच्या शेंगा सोलल्या, मीही थोड्या सोलल्या.

२४ फेब्रुवारी

रिक्षातून गेलो, कुबड्या घेऊन. चौकशीच्या खोलीत झुलाल कोपऱ्यात उभा होता. वाळला आहे. माझ्याकडे बघितलं नाही.

साहेब म्हणाले, तुमचं घड्याळ. मी काडेपेटी ठेवली. ते म्हणाले, म्हणजे लाइन बारा वीसला चालू झाली, आणि यांनी साडेबारा लिहिलं, हे कायम?

मी म्हटलं, दोन्ही खरं आहे.

मग सगळं सांगितलं. स्टूल, ठाकऱ्या, काटा. चिठ्ठी, साखळी. साहेबांनी पेन खाली ठेवलं आणि परत उचललं.

"नक्की कुठल्या तारखेला पुढे केलंत?"

"आठवत नाही. थंडी होती."

"आणि अपघातानंतर मागे कुणी घेतलं?"

बन्सीलाल बाहेर बाकावर बसला होता, दार उघडं होतं. मी म्हटलं, "मी तेव्हा दवाखान्यात होतो, साहेब."

सही वाकडी आली. भाजलेला हात अजून पूर्ण बरा नाही. पण वाकडी आली ती त्यामुळे नाही, हे इथे लिहायला हरकत नाही. मला लाज वाटत होती.

६ मार्च

झुलालचं निलंबन उठलं. तो काल घरी आला, उभाच राहिला. पाया पडायला वाकला, मी पाय मागे घ्यायला गेलो तर प्लास्टर. म्हणाला, "भाऊ, शेवटी शेवटी मलाच वाटायला लागलं होतं की मी घड्याळ चुकीचं वाचलं. घरी रोज बसून काटे ओळखायची परीक्षा घ्यायचो स्वतःची."

 डिंकाचा लाडू दिला. बापाने आणलेला आहे म्हटलं. त्याने तो बसून खाल्ला.

मला मेमो आलाय. एक वेतनवाढ बंद आणि बदली मीटर तपासणीत. खांब नाही, आता टेबल. माझी तक्रार नाही. थोडी आहे.

१५ मार्च

आठचे नऊ आठवडे झाले, शनिवारी प्लास्टर कापलं. पाय केळीच्या सोपटासारखा पांढरा आणि बारीक निघाला. आज काठी घेऊन वच्छलाबरोबर शाळेत गेलो. घड्याळाचं पुस्तक मला स्वतः परत करायचं होतं. नंबर लावायचा तर हेच पहिलं. आकाश दुसरं.

ग्रंथपाल बाई म्हणाल्या, कव्हर काढून द्या. मी खाकी कागद सोडवला. शेवटच्या पानावरची चिठ्ठी पहिल्यांदाच दिसली. नऊ शिक्के, नऊच्या नऊ बुधवार, प्रत्येकापुढे 'वच्छलाबाई, शिपाई'. सगळ्यात वरचा शिक्का ११ जानेवारीचा.

मला हे पुस्तक मिळालं २५ जानेवारीला.

बाई म्हणाल्या, "पहिल्याच दिवशी मागितलं त्यांनी. घड्याळावरचं काही आहे का म्हणून. दोन आठवडे मधल्या सुट्टीत इथेच बसून वाचत होत्या. मी म्हटलं, घड्याळ दुरुस्तीचं दुकान काढता की काय."

 परत येताना तलावाच्या कडेला बसून श्वास घेतला, तेव्हा वच्छलाला विचारलं : तुला दवाखान्यातच कळलं होतं?

"बारा वीस आणि साडेबारा म्हटल्याबरोबर. तुमची गोष्ट मला पाठ आहे."

"मग सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं असतं तर भांडला असतात. पुस्तकाशी तुम्ही भांडत नाही." मग म्हणाली, "आणि आधी दोन आठवडे वाट पाहिली. म्हटलं, आपणहून आठवेल. बन्सीलालभाऊंसमोर तुम्ही सगळी गोष्ट सांगितलीत, काट्यासकट, आणि तरी तुम्हाला दिसेना. मला तिथे बसवेना."

मी म्हटलं, तेव्हा तू दुधाकडे गेली होतीस.

तिने उठून काठी माझ्या हातात दिली. घरी आल्यावर वही मागे उलटून १६ जानेवारीचं पान काढलं. दूध उतू जात असेल, असं लिहिलंय. आणि त्याच पानावर, थोडं वर, माझ्याच अक्षरात : बन्सीलालला कोरा चहा दिला, घरात दूध नव्हतं.